एका पासवर्डाचे पाच धनी

बेळगाव शहराच्या शहापूर भागात मुख्य कचेरी आणि खानापूर, येळ्ळूर व निपाणी येथे शाखा असलेल्या एका सहकारी पतसंस्थेच्या सर्व्हरवर रूट या सर्वाधिकारी खात्याचे दुरून होणारे लॉगिन बंद करण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. प्रत्यक्ष बदल एका ओळीचा होता आणि त्याला दोन मिनिटे पुरली असती. काम मात्र जूनच्या अखेरीस सुरू झाले आणि ऑक्टोबरपर्यंत चालले. ते इतके का लांबले, हे सांगण्यासाठी ही नोंद लिहिली आहे. संचालक मंडळाच्या अटीप्रमाणे संस्थेचे, विक्रेत्याचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही.

गुरुवारची फाइल

संस्थेच्या व्यवहाराचा कणा म्हणजे पिग्मी. एजंट दिवसभर बाजारातून, विणकरांच्या गल्ल्यांतून आणि भाजीच्या गाड्यांवरून रोजची रक्कम गोळा करतात, हातातल्या यंत्रावर नोंदवून खातेदाराला पावती देतात आणि संध्याकाळी शाखेत येऊन रोकड कॅशियरकडे भरतात. यंत्र जोडले की दिवसाची फाइल मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर जाते आणि तेथे रात्री ती मुख्य खातेवहीत मिळवली जाते. हे मिळवण्याचे काम मुख्य कचेरीतील एक तरुण कारकून मुलगी करीत असे. सर्व्हरवर उबंटू २२.०४ ही संगणकप्रणाली होती आणि संस्थेचे सॉफ्टवेअर कोल्हापूरच्या एका विक्रेत्याने बसवून दिले होते.

मे महिन्याच्या मध्यावर एका गुरुवारी रात्री तीन एजंटांच्या त्या दिवसाच्या फाइलींवर आदल्या दिवसाच्या फाइली चढल्या. शुक्रवारी सकाळी खात्यांवर बुधवारची रक्कम दोनदा आणि गुरुवारची एकदाही नाही, अशी स्थिती दिसली. पैसा कोठेही गेला नव्हता, कारण रोकड कॅशियरकडे बरोबर होती आणि पावत्यांच्या प्रतीही होत्या. त्यांच्या आधारे दोन दिवसांत सर्व नोंदी दुरुस्त झाल्या. पण पासबुक घेऊन आलेल्या एका खातेदाराने काउंटरवर आवाज चढवला, ती गोष्ट गल्लीत पसरली आणि मग "हे केले कोणी" हा प्रश्न संचालक मंडळासमोर आला. रोज रात्री फाइली हाताळणारी ती मुलगी, म्हणून बोट साहजिकच तिच्याकडे वळले.

मला बोलावले तेव्हा सहा आठवडे होऊन गेले होते. सेक्रेटरी हे निवृत्त शिक्षक असून संस्थेत सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी माझ्याकडे एवढेच मागितले की त्या रात्री सर्व्हरवर कोण होते ते शोधून द्यावे. त्या मुलीने मला जिन्याजवळ गाठून विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता आणि या सर्व प्रकरणात मला तोच अधिक महत्त्वाचा वाटला. ती म्हणाली, "सर, मी केलेलं असतं तर सांगितलं असतं की ओ. पण मी केलं नाही हे दाखवू कसं?"

नोंदीत एकच नाव

दाखवता येत नव्हते. लॉगिनचा तपशील जेथे लिहिला जातो ती उबंटूची नोंद मूळ मांडणीप्रमाणे दर आठवड्याला बदलली जाते आणि मागच्या चारच आठवड्यांच्या प्रती ठेवल्या जातात. मेच्या मध्यावरची प्रत त्यामुळे केव्हाच पुसली गेली होती. सुदैवाने कोण केव्हा आत आले आणि बाहेर पडले याची जी दुसरी, त्रोटक नोंद असते, ती महिन्याने बदलते व मागच्या एका महिन्याची प्रत शिल्लक राहते. 'लास्ट' ही आज्ञा त्या जुन्या प्रतीवर चालवल्यावर गुरुवारची ओळ मिळाली: रूट, रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी आत, ९ वाजून ३१ मिनिटांनी बाहेर. ज्या इंटरनेट-पत्त्यावरून जोडणी झाली तो एका मोबाइल कंपनीच्या जाळ्यातला होता, आणि असा पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असल्याने त्यावरून माणूस ठरत नाही. रूटच्या आज्ञांच्या इतिहासात फाइली एका फोल्डरातून दुसऱ्यात चढवल्याची ओळ होती; पण इतिहासात वेळ नोंदवण्याची सोय आपणहून चालू करावी लागते आणि येथे ती कोणी केली नव्हती. म्हणजे काय घडले ते कळले, केव्हा घडले तेही बहुधा कळले, आणि कोणी केले या प्रश्नापाशी सर्व पुरावे 'रूट' या एका शब्दात जाऊन बुडाले.

तो पासवर्ड पाच जणांकडे होता: ती कारकून, मुख्य कचेरीचे मॅनेजर, खानापूर शाखेतले एक अधिकारी, पूर्वी संस्थेचे संगणक सांभाळणारा आणि आता पुण्याला नोकरीला गेलेला एक मुलगा, आणि पाचवा धनी म्हणजे विक्रेत्याचा मदतकक्ष, जेथे प्रत्यक्षात तीन माणसे आळीपाळीने बसत. पासवर्ड संस्थेच्या स्थापनेच्या वर्षावर बेतलेला होता. मॅनेजरांनी तो मला टेबलाच्या काचेखालच्या चिठ्ठीवरून वाचून दाखवला आणि पुढे म्हणाले, "एका पासवर्डानं पाच जण काम करत होतो, कधी अडलं नाही." ते खरेच होते, आणि मेपर्यंत अडले नाही म्हणूनच तो बदलला गेला नव्हता.

रूट म्हणजे काय, हे मंडळापुढे सांगताना मला तांत्रिक भाषा टाळावी लागली. उबंटू ज्या युनिक्स घराण्यातली आहे त्यातल्या प्रत्येक यंत्रावर शून्य क्रमांकाचे एक खाते असते, त्याला परवानगी विचारली जात नाही, आणि त्याचे नाव जगभर एकच असते. इतर खात्यात शिरायचे तर नाव आणि पासवर्ड अशा दोन गोष्टी ओळखाव्या लागतात. रूटच्या बाबतीत पहिली गोष्ट आधीच जाहीर आहे. दुरून सर्व्हरवर जाण्याची एसएसएच ही पद्धत १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठात तातू युल्योनेन यांनी बनवली, ती तेथील जाळ्यातून जाणारे पासवर्ड कोणी चोरून टिपल्यावर. वाटेत पासवर्ड वाचला जाऊ नये, एवढा प्रश्न त्या पद्धतीने उत्तम सोडवला. पासवर्ड पाच जणांत वाटलेला असेल आणि स्थापनेच्या वर्षावर बेतलेला असेल, तर त्याला ती काय करणार?

चेअरमनसाहेबांची शंका वेगळी होती. एवढ्या लहान सोसायटीवर कोणाची नजर असणार, असे त्यांना वाटत होते. त्यांना मी फसलेल्या प्रयत्नांची यादी 'लास्टबी' या आज्ञेने पडद्यावर सोडून दाखवली. ओळी थांबेनात. रूट, ॲडमिन, टेस्ट, उबंटू, ओरॅकल अशा नावांनी अनेक देशांतल्या पत्त्यांवरून अखंड दार ठोठावणे चालू होते. हे करणाऱ्या आज्ञावलींना बेळगाव कोठे आहे हे ठाऊक नसते. त्या पत्त्यांच्या क्रमाने जातात आणि एसएसएचचे बावीस क्रमांकाचे दार उघडे दिसले की पासवर्ड ओळखून पाहतात. गुरुवारचा प्रकार यांपैकी कोणाचा नसावा, असे माझे मत होते आणि आहे, कारण बाहेरचा चोर पिग्मीच्या फाइली जागच्या जागी हलवून निघून जात नाही. पण ते मतच राहिले.

मुळात हे दार उघडे का होते, तेही येथे सांगितले पाहिजे. एसएसएच चालवणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरने २०१५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीपासून रूटला पासवर्डाने आत घेणे मूळ मांडणीतच बंद केले आहे, आणि उबंटूवर तर रूटला पासवर्डच दिलेला नसतो. येथे सॉफ्टवेअर बसवताना सोयीसाठी दोन्ही कुलपे काढली गेली होती आणि काम संपल्यावर ती परत लावली गेली नाहीत.

रूट कोणाला हवा होता

सर्वांना, असे उत्तर पहिल्या दिवशी मिळाले. एकेकाशेजारी बसून ते नेमके काय करतात हे पाहिल्यावर ते बदलत गेले. खानापूरच्या अधिकाऱ्यांना महिन्यातून दोनदा प्रिंटरची रांग मोकळी करावी लागे. मॅनेजरांना फक्त अहवाल वाचायचे असत. कारकून मुलीला एक ठरलेली आज्ञावली चालवायची असे, पण तिने ज्या फाइली हाताळायच्या त्या रूटच्या मालकीच्या होत्या. त्या रूटच्या मालकीच्या का होत्या? पहिल्या दिवशी कोणीतरी रूट म्हणून काम केले म्हणून. रूटने बनवलेली फाइल रूटचीच होते, मग तिला हात लावायला रूट लागतो, आणि त्या हाताने पुन्हा रूटच्याच फाइली तयार होतात. ही रहाटगाडगी मी अनेक कचेऱ्यांत पाहिली आहे. सर्वांना सर्वाधिकार हवेत असे सर्वजण मनापासून सांगतात, आणि त्या क्षणी ते खरे असतेही. फाइलींची मालकी नीट लावली की पाचांपैकी चारांना ते लागत नाहीत.

म्हणून पहिले दोन आठवडे मी एसएसएचला हातही लावला नाही. पिग्मीच्या फाइलींसाठी स्वतंत्र खाते आणि गट केला, फोल्डरांची मालकी बदलली आणि मिळवणीची आज्ञावली त्या खात्याच्या नावाने चालू केली. प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचे खाते दिले. पुण्याच्या मुलाला फोन करून विचारले. त्याला खाते नको होते आणि आपण अजून त्या यादीत आहोत हेच त्याला ठाऊक नव्हते.

प्रत्येकाच्या संगणकावर पासवर्डाऐवजी ओळख पटवणारी किल्ल्यांची जोडी तयार केली. खासगी किल्ली त्या संगणकावरच राहते, तिला स्वतःचे परवलीचे वाक्य असते आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर त्या माणसाच्या खात्यात ठेवली जाते. येथे खानापूरची किल्ली चालेना. नोंद वाचल्यावर कारण कळले: पूर्वी काहीतरी अडले तेव्हा कोणीतरी शाखेच्या त्या खात्याचे घरफोल्डर सर्वांना लिहिण्यासाठी मोकळे करून ठेवले होते, आणि ज्या फोल्डरात कोणीही लिहू शकतो तेथील किल्लीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही, ते योग्यच आहे. परवानग्या आवळल्यावर किल्ली चालली. पावसाचे दिवस, खानापूरची लाइन दर तासाला जाई, त्यामुळे एवढ्या कामाला एक अख्खा दिवस गेला.

विक्रेत्याशी बोलणी लांबली. त्यांचे म्हणणे असे की रूट पूर्ण बंद न करता 'प्रोहिबिट-पासवर्ड' ही मधली सोय ठेवावी, म्हणजे पासवर्ड चालणार नाही, पण किल्लीने रूट म्हणून आत येता येईल. बाहेरून पासवर्ड ओळखणाऱ्यांच्या दृष्टीने या दोन सोयींत फरक नाही, हे मी मान्य केले. कोणती किल्ली वापरली गेली याचा ठसा नोंदीत उमटतो, तेव्हा आत कोण आले हेही शोधता येते. पण आत आल्यावर पुढचे सर्व पुन्हा रूट या नावानेच घडते, आणि एकाच वेळी दोघे आत असले तर आपण मे महिन्यात परत येतो. आपल्याच खात्यातून एखादी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवणारे 'सूडो' वापरले तर प्रत्येक आज्ञेपुढे माणसाचे नाव, वेळ, फोल्डर आणि आज्ञा अशी ओळ पडते. अर्थात 'सूडो'ने सरळ रूटचे शेलच, म्हणजे आज्ञा देण्याची खिडकीच, उघडून बसले तर तेथेही फक्त उघडल्याची ओळ मिळते. म्हणून मदतकक्षाला सर्वाधिकार न देता सेवा पुन्हा सुरू करणे, नोंदी वाचणे आणि दोन ठरलेल्या फाइली बदलणे एवढेच दिले. फाइली बदलण्यासाठी त्यांना 'सूडो'खाली संपादक, म्हणजे फाइल बदलण्याचे सॉफ्टवेअर, उघडून हवा होता. तो मी दिला नाही, कारण संपादकातून शेल उघडता येते आणि मग यादीला अर्थ उरत नाही. त्यासाठी फक्त ठरलेली फाइल बदलू देणारे 'सूडोएडिट' आहे. तीन माणसांना तीन खाती मिळाली. यावर त्यांचे वरिष्ठ फोनवर जरा तुटकपणे म्हणाले की आमच्या माणसांवर विश्वास नाही का. मी त्यांना मेचा प्रसंग सांगितला आणि विचारले की त्या रात्री तुमच्यापैकी कोणी आत नव्हते हे तुम्ही आज दाखवू शकता का. दुसऱ्या दिवशी तीन सार्वजनिक किल्ल्या ईमेलने आल्या.

रविवारची सकाळ

असे बदल रात्री करावेत असा एक समज आहे. मी ते सकाळी करतो, लोक जागे आणि फोन उचलणारे असतात तेव्हा. जुलैतल्या एका रविवारी कचेरीत अण्णा, मॅनेजर आणि ती कारकून असे तिघे आले. कॅम्पातून कुंदा आणला होता, तो मात्र काम संपेपर्यंत फोडायचा नाही असे अण्णांनी ठरवले होते.

प्रथम डेटा सेंटरच्या संकेतस्थळावरून सर्व्हरचा कन्सोल, म्हणजे यंत्रासमोरच बसल्यासारखा पडदा, उघडून पाहिला. दुरून रूट बंद केला तरी कन्सोलवर तो चालतो, आणि एसएसएच पूर्ण बिघडली तर आत जाण्याची तीच एक वाट राहते. ती वाट आधी चालून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग एक जोडणी उघडी ठेवून दिली, जिला कामभर कोणी हात लावायचा नव्हता, कारण मांडणी नव्याने वाचायला लावली तरी आधीच्या जोडण्या तुटत नाहीत. त्याच्या जोडीला जुनी मांडणी पंधरा मिनिटांनी आपोआप परत आणणारे एक काम 'ॲट' या आज्ञेने लावून ठेवले. पावसात लाइन गेली तर उघडी जोडणी काय कामाची, हा धडा मी पूर्वी दुसरीकडे महागात शिकलो आहे.

मुख्य मांडणीच्या फाइलीत 'परमिटरूटलॉगिन'पुढे 'नो' लिहिले, 'पासवर्डऑथेंटिकेशन' आणि त्याचे भावंड असलेले कीबोर्डवरचे प्रश्नोत्तर ही दोन्ही बंद केली. दुसरे चालू राहिले तर पासवर्ड मागच्या दाराने पुन्हा विचारला जाऊ शकतो. सर्व्हरवर एसएसएच चालवणाऱ्या 'एसएसएचडी'ला मोठ्या टीच्या (-T) सूचनेने प्रत्यक्ष लागू असलेली मांडणी विचारली, तर उत्तर आले: रूटला परवानगी आहे.

आपण लिहिलेले आणि सर्व्हर मानतो ते यांत अंतर असू शकते, म्हणून ही चौकशी वगळू नये. कारण शोधायला वेळ लागला नाही. उबंटूच्या या आवृत्तीत मुख्य फाइलीच्या अगदी वरच एका उपफोल्डरातल्या छोट्या फाइली वाचण्याची सूचना असते, आणि एसएसएचमध्ये एकाच विषयाच्या दोन ओळी असल्या तर पहिली ओळ चालते. बहुतेक इतर सॉफ्टवेअरांत शेवटची चालते, त्यामुळे भलेभले येथे फसतात. उपफोल्डरात विक्रेत्याने ठेवलेली एक फाइल रूटला 'यस' म्हणत होती आणि भाड्याच्या सर्व्हरबरोबर आलेली दुसरी पासवर्डाला. मी फक्त मुख्य फाइल बदलून, सेवा पुन्हा सुरू करून समाधानाने उठलो असतो, तर दार पूर्वीइतकेच उघडे राहिले असते आणि कागदावर बंद झाले असते. दोन्ही फाइली दुरुस्त केल्या, छोट्या टीने मांडणीचे व्याकरण तपासले, मोठ्या टीने पुन्हा विचारले, आणि मग मांडणी नव्याने वाचायला लावली.

नव्या खिडकीतून रूट म्हणून जाऊन पाहिले: नकार. मॅनेजर त्यांच्या खात्यातून गेले, कारकून तिच्या. खानापूर, येळ्ळूर आणि निपाणीला फोन करून प्रत्येकाला एकदा आत येऊन बाहेर जायला लावले. सर्व जमल्यावर पंधरा मिनिटांचे ते काम काढून टाकले. ते काढायचे विसरलो असतो तर हसे झाले असते. तीन मिनिटे उरली होती.

रूटचा पासवर्डही त्याच वेळी बदलला, कारण पाच जणांना ठाऊक असलेला पासवर्ड आत आल्यावर दुसऱ्या खात्यात शिरण्याच्या 'सू' या आज्ञेला चाललाच असता. नवा पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून, त्यावर दोघांच्या सह्या घेऊन तिजोरीत ठेवला. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरांकडे आणि एक कॅशियरकडे, आणि एकाने ती उघडत नाही. ही रीत संस्थेत पहिल्या दिवसापासून आहे. सर्व्हरच्या बाबतीत आपण नवे काही करीत नसून तिजोरीचीच रीत तेथे नेत आहोत, हे अण्णांनी मंडळाला एका वाक्यात सांगितले, आणि माझ्या अर्ध्या तासाच्या निवेदनापेक्षा ते अधिक लवकर पटले.

दार दुसऱ्या क्रमांकावर हलवण्याची सूचना एका संचालकांच्या पुतण्याने केली होती. त्याने नोंदीतला गोंगाट कमी होतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही, आणि चारही कचेऱ्यांतले जोडणीचे शॉर्टकट बदलावे लागतात. ती सोडून दिली.

जे यादीतून सुटले

रोजच्या बॅकअपसाठी मुख्य कचेरीतला एक संगणक रात्री सर्व्हरवर रूट म्हणून जाई आणि त्याचा पासवर्ड आज्ञावलीतच उघडा लिहिलेला होता. हे मला 'लास्ट'च्या यादीत दिसले नव्हते, कारण त्या यादीत पडदा उघडणाऱ्या जोडण्याच येतात. फाइली खेचून निघून जाणाऱ्या यंत्राची ओळ तेथे पडत नाही, ती लॉगिनच्या सविस्तर नोंदीतच शोधावी लागते. तेथे ती सापडली आणि रविवारच्या आधीच व्यवस्था लागली: खातेवहीची प्रत सर्व्हर स्वतःच एका फोल्डरात काढून ठेवतो, आणि बॅकअपच्या वेगळ्या खात्याला त्या फोल्डरातून वाचण्यापुरतीच किल्ली आहे. ती किल्ली कचेरीच्या पत्त्यावरूनच चालते, तिच्याने शेल उघडत नाही आणि फाइलींची नक्कल करू देणाऱ्या 'आरआरसिंक'शिवाय दुसरी आज्ञा देता येत नाही. त्यासाठी कचेरीच्या जोडणीला कायमचा पत्ता घ्यावा लागला, तेवढा मासिक खर्च वाढला.

दुसरे यंत्र मात्र सुटले. १ ऑक्टोबरला सकाळी निपाणीहून फोन आला की तिमाही व्याजाची यादी आली नाही. तेथल्या कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर पूर्वीच्या मुलाने एक काम लावून ठेवले होते. दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला ते रूट म्हणून सर्व्हरवर जाऊन यादी खेचून आणी आणि छापून ठेवी. शाखेतल्या लोकांना यादी आपोआप छापून येते एवढेच ठाऊक होते. माझी रूट वापरणाऱ्यांची यादी ३० जूनला पूर्ण झाली होती, आणि त्या आधीच्या पाच आठवड्यांत ते काम एकदाही चालले नव्हते. १ जुलैची त्याची ओळ रविवारच्या कामाच्या दिवशी नोंदीत हजर होती. मी ती पुन्हा उघडून पाहिली नाही. चूक माझी होती आणि मंडळाला दिलेल्या टिपणात ती तशीच लिहिली आहे. यादी दुपारपर्यंत हाताने पाठवली. तिमाही, सहामाही आणि मार्चअखेरची कामे माणसांना विचारूनच शोधावी लागतात, नोंदीत ती असतीलच असे नाही; हे मी त्या दिवसापासून वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो.

नोंदींचे आयुष्यही त्याच महिन्यात वाढवले. सर्ट-इन या सायबरसुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस जपण्यास आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवण्यास सांगितले आहे. आपल्या पतसंस्थेला हे कितपत बांधील आहे यावर संचालकांपैकी एका वकिलांनी बराच वेळ चर्चा केली. तेवढ्या वेळात मी आठवड्यांची संख्या चारवरून तीसवर नेली. शिवाय प्रत्येक ओळ त्याच क्षणी कचेरीतल्या दुसऱ्या यंत्रावरही जाते, कारण सर्व्हरवर ज्याला सर्वाधिकार आहेत तो तेथील नोंद पुसूही शकतो. खाती, अधिकार आणि लिफाफा यांविषयीचे दोन पानी टिपण मराठीत आणि कन्नडमध्ये काढले आहे, कारण लेखापरीक्षकांना ते कन्नडमध्ये द्यावे लागते आणि निपाणीचे नवे अधिकारी गोकाकचे असून मराठी बोलतात, वाचायला त्यांना कन्नड बरे पडते.

बाहेरून दार ठोठावणे थांबलेले नाही. रूट या नावाने आलेली जोडणी ओळख पटण्याआधीच बंद झाली, अशा ओळी आजही रोज पडतात, फक्त आता त्यांना विचारायला पासवर्डच नाही.

मेच्या त्या रात्री कोण आत होते, हे शेवटपर्यंत ठरले नाही. मंडळाने ठरावात लिहिले की उपलब्ध नोंदींवरून कोणाही व्यक्तीवर जबाबदारी ठेवता येत नाही. कारकून मुलीने त्या ठरावाची प्रत मागून घेतली. "जबाबदारी ठेवता येत नाही" आणि "जबाबदार नाही" यांतला फरक तिला कळत होता, आणि दुसरे वाक्य लिहून देण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी तिच्या हातून येळ्ळूरच्या एका एजंटाची फाइल चुकीच्या तारखेच्या फोल्डरात गेली. सर्व्हरवर ओळ पडली, तिच्या नावाची, ६ वाजून ४८ मिनिटांची. ती कोणी वाचण्याआधीच तिचा अण्णांना फोन गेला होता, आणि सात वाजता फाइल जागेवर होती.